जोगणीसरचा रविवार

कोटलाधार,
बुधवार, २४ ऑक्टोबर (इकडच्या कार्तिकाची आठ)

चि. कांता,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. अंशुलचा खोकला गेला का? नसेल तर रात्री मधातून सुंठ चाटव, औषधांचा मारा करू नकोस. सफरचंदांची पेटी पोचली असेलच. वरचे दोन थर आधी संपव. खालची कडक आहेत, दिवाळीपर्यंत टिकतील.

इकडे सगळं ठीक. भूरी व्याली, वासरी झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. बाग उतरून झाली, गवत मात्र अजून अर्ध्या उतारावर उभंच आहे. देवाची पालखी दसऱ्याला कुल्लूला गेली, तिच्यामागे अर्धा गाव गेला. उरलेत म्हातारे, गुरं आणि आम्ही.

तू म्हणशील, रविवारी तर फोनवर बोललो, मग अम्माला पत्र लिहायची हुक्की कुठून आली? फोनवर बोलताना तुझे बापू माझ्या शेजारी बसलेले असतात. मी ‘बरे आहेत’ म्हटलं की माझ्याकडे बघून मान हलवतात. मग पुढचं बोलता येत नाही. आत्ता ते ओसरीवर अक्रोड फोडताहेत. कालपासून तेच चाललंय. टरफलं पुन्हा टोपलीतच टाकतात आणि पुन्हा तीच फोडायला घेतात. तेवढ्यात चार ओळी होतील म्हणून बसले.

रविवारी जोगणीसरला जाऊन आलो, हे तुला माहीतच आहे. तूच मागे लागली होतीस. “अम्मा, घरात कोंडून ठेवलंस तर माणूस विसरणारच. त्यांना तळ्यावर ने. तिथं त्यांना सगळं आठवेल बघ.” भूरीचं पहिलं तूप तळ्याच्या देवीला, जोगणीला, वाहायचं होतंच. म्हटलं, एका खेपेत दोन्ही कामं होतील.

शेजारच्या खेमूने खिंडीपर्यंत त्याच्या पिकअपमधून नेलं. सकाळ अशी लख्ख होती की पलीकडच्या शिखरांवरच्या घड्या मोजाव्यात. बापू खेमूशेजारी पुढे बसले आणि प्रत्येक वळणाला पाय दाबत राहिले. तेहतीस वर्षं त्याच रस्त्यावर सरकारी बस चालवलेली, पाय कसा गप्प बसणार! खेमू हसत म्हणाला, “मामाजी, ब्रेक माझ्या बाजूला आहे.” बापू म्हणाले, “म्हणून तर मला दाबावा लागतोय.” इतके हसलो आम्ही! माझ्या मनात आलं, कांता म्हणते ते खोटं नाही.

खिंडीत खेमूला चहावालीच्या खोपटात बसवलं. “मामीजी, चारच्या आत या,” तो म्हणाला. “पश्चिमेला ढग दिसतोय.” मूठभर ढग होता. मी म्हटलं, तोवर आम्ही येऊन जेवण पचवलेलं असेल.

बाकीचं तुला सांगितलंच. हवा बिघडली, दहा मिनिटं आमची चुकामूक झाली, आणि भिजत का होईना, सुखरूप परत आलो.

हाक आली. उठते.

०

गुरुवार, दुपार

काल ते टोपली घेऊन रस्त्यावर गेले होते, अक्रोड विकायला. कुणाला, तर रिकाम्या रस्त्याला. आज खेमूची आई त्यांना ऊन खायला आपल्या अंगणात घेऊन गेली आहे. तासभर मिळालाय. काल लिहिलेलं वाचून पाहिलं. शाळेत असताना मुलांच्या वहीत असं काही आलं असतं तर मी लाल पेनाने खाली ‘अपूर्ण’ असं लिहिलं असतं.

चुकामूक दहा मिनिटांची नव्हती, कांता.

पहिल्यापासून सांगते. मधे थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

तळ्यापर्यंतची वाट तुला आठवत असेल. खरशूच्या झाडांच्या रानातून हळूहळू चढत जाते. लहानपणी तू ती बापूंच्या खांद्यावर बसून गेली होतीस. आम्हाला दीड तास लागला. बापू पुढे, मी मागे, पाठीवर जेवण, थर्मास आणि तुपाचा डबा. वाटेत दोन कुटुंबं उतरताना भेटली. त्यांतली एक बाई म्हणाली, “बोबो, आता कुठं वर निघालात? वारा फिरलाय.” मी म्हटलं, तूप वाहतो आणि लगेच वळतो.

तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. पुजारीसुद्धा पालखीबरोबर गेलेला. पाणी काळंभोर आणि स्थिर. बापूंनी बूट काढले, हात धुतले, जोगणीच्या दगडाला तूप लावलं. मंत्र म्हणावा तसं म्हणाले, “गाईला दूध दे, रस्त्याला आधार दे, कांताला सद्बुद्धी दे.” मी विचारलं, “आणि मला?” तर म्हणाले, “तुला काय कमी आहे? मी आहे की.” हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू रडलीस. म्हणालीस, “बघ, मी म्हटलं नव्हतं?”

त्याच्या पुढचं सांगितलं नव्हतं.

आम्ही जेवायला बसलो. वाफवलेले सिड्डू बांधून नेले होते. अर्धा सिड्डू खाऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आता ओळखते. म्हणाले, “तुम्ही कुणाच्या घरच्या?”

“तुमच्याच.”

“थट्टा नको. गाडीची वेळ झालीय. सवाऱ्या बसल्यात. मला इथं कुणी आणलं?”

मी हात धरायला गेले, ते झटकून उठले. मी पुन्हा धरला नाही. का धरला नाही, ते सांगते. भाद्रपदात माझं मनगट मोडलं, तेव्हा गवतावरून घसरले असं मी तुला कळवलं होतं. मी घसरले नव्हते. गोठ्यात त्यांना मी कुणी परकी बाई वाटले, त्यांना कोंडून ठेवणारी. त्यांनी मला गव्हाणीवर ढकललं. मग माझंच मनगट बघून घाबरले आणि हळद शोधत घरभर फिरले. ती त्यांना सापडली नाही. हातात मिठाचा डबा घेऊन आले.

तर हात धरला नाही. ते बूट न बांधताच तळ्याच्या कडेने निघाले. म्हटलं, जाऊ दे, वळसा घालून येतील, नेहमी येतात. मी भांडी आवरायला घेतली. मान वर केली तर समोरचा काठ नव्हता. धुकं वरून खाली आलं नव्हतं, पाण्यावरून सरकत आलं होतं. बघता बघता दगड गेला, झाडं गेली, माझे पाय तेवढे राहिले.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळ पाहिलं म्हणून ठाऊक आहे.

थोड्या वेळाने त्यांची हाक आली. “ओ कंडक्टर! अरे कुठं मेलास?” आवाज पलीकडून येत होता, उजवीकडून. त्या बाजूला काय आहे ते तुला ठाऊक आहे. काठ सोडून शंभर पावलं गेलं की गवत संपतं आणि घळ लागते. मलाही ठाऊक होतं. त्या क्षणी अगदी नीट ठाऊक होतं.

मी ओ दिली नाही.

पहिल्यांदा वाटलं, कंडक्टरला हाक मारताहेत, मी कशाला ओ देऊ? मग पुन्हा हाक आली. पुन्हा आली. मी मोठ्या दगडाच्या आडोशाला बसले. थर्मास उघडला, कपभर चहा ओतला आणि प्यायले. चहा गरम होता, कांता. फाल्गुनापासून एक कप चहा मी मधे न उठता प्यायले नव्हते. मी तो संपवला, मग आणखी अर्धा ओतला.

तेवढ्यात हाक बदलली. “शोभले! ए शोभले!”

माझं नाव. सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आधी ‘अहो’, मग ‘बाई’, मग ‘तुम्ही’, आणि आता धुक्यातून शोभले, शोभले. तेव्हाही मी उठले नाही.

मी काही ठरवलं होतं असं म्हणू नकोस. ठरवलं नव्हतं. पण काही सुचलंच नाही असंही मी म्हणणार नाही. मला वाटलं, असंच संपलं तर कुणाला दोष लागणार नाही. धुकं होतं, म्हातारा माणूस होता. लोक रडतील, तू येशील, तेराव्यापर्यंत राहशील. मी उरलेलं गवत कापीन आणि रात्रभर झोपेन. हे सगळं मी विचारात घेतलं, एकेक करून, बाजारात भाजी बघावी तसं. कप माझ्या हातात होता.

अडीच वाजता गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या. आणि हाका थांबल्या.

त्या थांबल्या तेव्हा मी उठले. कप कुठं टाकला आठवत नाही. घशाला कोरड पडेतो ओरडत सुटले. “कांताचे बापू! थांबा! हलू नका!” गारांनी गवत पांढरं आणि निसरडं झालेलं. दोनदा आपटले. एकदा त्याच मनगटावर.

मग त्यांचा आवाज आला, पण माझ्यापासून दूर जाणारा. “येऊ नका! मागं लागू नका माझ्या!” मी हाक मारली की चार पावलं पुढे पळत. पुन्हा मारली की पुन्हा पुढे. त्यांच्या मागे लागली होती ती गोठ्यातली बाई, त्यांना कोंडणारी. आणि त्यांच्या पुढे होती घळ. माझ्या हाकेनेच मी त्यांना तिकडे ढकलत होते. ज्या वेळी ओ द्यायची होती तेव्हा मी गप्प, आणि गप्प राहायचं तेव्हा ओरडत होते.

मी तोंड बंद केलं. पाठीवर तुपाचा रिकामा डबा होता, तो काढला. गाडीवर असताना त्यांचा एक नियम होता, तू कितीदा पाहिलाय. कंडक्टरने पत्र्यावर एक ठोका दिला की थांब, दोन दिले की चल. मधे कुणी काही बोललं तरी ते ऐकायचे नाहीत. ठोका म्हणजे ठोका. मी दगड उचलला आणि डब्यावर एकदा मारला.

रानभर आवाज घुमला. मग काहीच नाही. फक्त गारा.

त्या डब्यावरही पडत होत्या, टणटण टणटण. तो आवाज त्यांना दुसरा ठोका वाटला तर? मी डबा अंगावरच्या लोकरी पट्टूखाली पोटाशी धरला. बोटं इतकी गारठली होती की दगड निसटेल आणि डब्यावर पडेल, याची धास्ती. तो दगड मी बाळ खाली ठेवावं तसा गवतात ठेवला.

समोरून, अगदी नेहमीच्या आवाजात, ते म्हणाले, “कोण उतरतंय?”

मला रडू फुटत होतं. पण रडण्याचा आवाज त्यांना ओळखू आला असता. मी म्हटलं, “म्हातारी सवारी आहे, उस्तादजी. पाठीवर ओझं आहे. सावकाश उतरतेय. ब्रेक धरून ठेवा.”

“लवकर आटपा. इथं गाडी लावायची जागा नाही. पुढं वळण आहे.”

“आलेच. ब्रेक सोडू नका.”

“तेहतीस वर्षं नाही सोडला.”

त्या आवाजाच्या धाग्याने मी सरकत गेले, हातांनी गवत चाचपडत. आधी त्यांचा बूट दिसला. उजवा पाय एका दगडावर गच्च दाबून ते उभे होते, दोन्ही हात पुढे, चाकावर धरावेत तसे. त्या दगडापुढे गवत नव्हतं. वाफ होती नुसती, खालून वर येणारी. मी मागून त्यांच्या कंबरेला मिठी मारली आणि दोघंही मागे पडलो.

बराच वेळ तसेच पडून होतो. गारांचं बर्फ झालं, मऊ, आवाज न करणारं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नजर त्यांची होती. स्वच्छ. म्हणाले, “शोभले, किती हाका मारल्या तुला. ऐकू नाही आलं?”

मी म्हटलं, “नाही. वारा होता ना.”

“मला वाटलं, तू गेलीस.”

“कुठं जाणार मी?”

“बरं झालं आलीस,” म्हणाले, आणि माझ्या केसांतलं बर्फ बोटांनी झटकायला लागले. वारा नव्हता, कांता. त्या धुक्यात पानसुद्धा हलत नव्हतं.

०

गुरुवार, संध्याकाळ

उतरायला साडेतीन तास लागले. वाट पांढरी झाली होती, झाडांच्या बुंध्यांवरून ओळखावी लागत होती. ते मुकाट्याने माझं बोट धरून चालले. अर्ध्या वाटेत खेमू भेटला, आम्हाला शोधत वर आलेला, रडकुंडीला आलेला. “मामीजी, झालं काय?” मी म्हटलं, “काही नाही रे, लघवीला गेले आणि धुकं आलं.” इतकं सहज म्हटलं की मलाच नवल वाटलं. चहावालीने चुलीपाशी बसवलं, बापूंच्या पायांना राखेचा शेक दिला. ते तिला म्हणाले, “आज गाडीला उशीर झाला. म्हातारी सवारी होती.” सगळे हसले. मीही हसले. आणि घरी येऊन तुला फोन केला.

ते सगळं विसरलेत. दुसऱ्याच दिवशी हातावरचं खरचटलेलं मला दाखवत विचारत होते, हे कुणी केलं. मी विसरलेले नाही. चहाचा घोट घेतला की ‘शोभले’ ऐकू येतं. तीन दिवस चहा सोडलाय. खेमूची आई विचारते, कसलं व्रत धरलंस?

तू म्हणशील, शेवटी वाचवलंस ना तू त्यांना. मीही तेच स्वतःला सांगून पाहिलं. पण मला ती वीस मिनिटं माहीत आहेत. आणि ज्याने हाका मारल्या त्याने ‘ऐकू नाही आलं?’ असं विचारल्यावर मी काय उत्तर दिलं, तेही माहीत आहे.

बेचाळीस वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते असं नाही. साडीच्या किमतीपासून तुझ्या परीक्षेच्या गुणांपर्यंत कितीतरी खोटं बोलले. पण त्यांचा विश्वास बसला म्हणून लाज वाटावी, असं पहिल्यांदाच झालं.

सोमवारी तालुक्याच्या डॉक्टरणीला भेटून आले. तिने नाव सांगितलं आजाराचं, गोळ्या दिल्या, म्हणाली, आजार मागे फिरत नाही, चाल तेवढी मंदावते. मग बापूंचं सोडून माझंच ब्लडप्रेशर तपासायला लागली आणि विचारलं, “घरात आणखी कोण आहे?” मी म्हटलं, मुलगी आहे. “कुठं?” म्हटलं, लुधियानाला, शिक्षिका आहे, फार कामात असते. तिने लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. तुझी बाजू घेताना मी जे बोलायचं टाळत होते, ते तिला ऐकू आलं असावं.

कांता, मी तुला दोष देत नाही, असं लिहिणार होते. ते खोडते. थोडा देते. दोन वर्षं झाली तुला येऊन. फोनवर तू मला शिकवतेस, असं बोल, तसं बोल, रागावू नकोस, फिरायला ने. मीसुद्धा तीस वर्षं लोकांच्या आयांना असंच शिकवलंय, त्यामुळे त्यात किती सोय असते हे मला ठाऊक आहे. पण दोष माझाही आहे. ‘सगळं ठीक’ हे दोन शब्द मीच तुला दर रविवारी दिले, आणि तू ते घेतलेस. खोटं मनगट, खोटी दहा मिनिटं. कुणी का येईल मग?

बापूंसाठी ये असं म्हणत नाही. ते तुला ओळखतील, नाही ओळखणार, काय सांगावं. माझ्यासाठी ये. पंधरा दिवस, दिवाळीची सुट्टी असेल तेवढी. रात्री त्यांच्या खोलीत तू झोप. मला उतारावरचं गवत कापू दे, आणि एक रात्र सलग झोपू दे. मग आपण दोघी बसून ठरवू, पुढं काय करायचं, कुणी कधी, किती दिवस. माणूस ठेवायचा की त्यांना तिकडे आणायचं. मला एकटीने ठरवायचं नाही. एकटी असताना मी काय ठरवू शकते, ते मी पाहिलंय.

आणि आली नाहीस, तर कार्तिक संपायच्या आत मी त्यांना घेऊन लुधियानाला येईन. तुझ्या दारात उभी राहीन. हे रागाने नाही लिहिलं. पुन्हा तसं धुकं आलं, तर मी कप खाली ठेवीन की नाही, हे मला खरंच माहीत नाही.

जावईबापूंना हे वाचायला दे, हरकत नाही. अंशुलला मोठा झाल्यावर सांग. बापूंना मात्र कधी वाचून दाखवू नकोस. त्यांना कळणार नाही म्हणून नव्हे. एखाद्या क्षणी कळेल म्हणून.

ते ओसरीवरून उठून आलेत, दारात उभे राहून विचारताहेत, “बाई, कुणाला पत्र लिहिताय?” मी म्हटलं, आपल्या मुलीला. म्हणाले, “माझाही आशीर्वाद लिहा.” लिहिला आहे, तो घे.

पत्र मिळालं की फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा सगळं ठीक आहे असंच म्हणेन.

ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
अम्मा